मानेजवळ की घोडीजवळ

आमच्या ऑर्केस्ट्रातले सुभेदार कुणीही भेटलं की एक हात स्वतःच्या मानेवर ठेवायचे, दुसरा कमरेवर, आणि विचारायचे, "खरं सांग गड्या, हितनं का हितनं?" कराडात त्यांना न ओळखणारा माणूस हमखास म्हणायचा, "दोन्हीकडं दुखत असंल तर डॉक्टरला दावा."

प्रश्न गिटारचा होता. फौजेत असताना आसामकडच्या एका जवानाकडून ते इलेक्ट्रिक गिटार शिकले आणि निवृत्त झाल्यावर आमच्यात आले. मी कीबोर्डवर असायचो. त्यांच्या गिटारचे दोन्ही जुने पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारे चुंबक, भुंग्यासारखे घूं घूं करत. म्हणून मुलानं पुण्याहून एक नवा हंबकर पाठवला.

"ह्येच्यात तारंच्या दोन गुंडाळ्या असत्यात," सुभेदार समजावून सांगत. "शेजारी शेजारी, नवरा-बायकोगत. एकीची कुरकुर दुसरी मारती. भाईर नुसतं गाणं."

वहिनी आतून म्हणायच्या, "आपल्यात कवा मरायची म्हणं कुरकुर?"

पण हंबकर एक आणि जागा दोन. गिटारच्या मानेजवळ बसवला तर आवाज गोल, मऊ. घोडीजवळ, म्हणजे तारा जिथं टेकतात तिथं बसवला तर टोकदार. आधी मानेजवळ बसवला. एका साखरपुड्यात त्यांनी असं काही वाजवलं की पुढच्या खुर्च्यांवरच्या आज्या माना टाकून झोपल्या आणि नवऱ्यामुलाच्या मामानं मला विचारलं, "ह्यो नुसताच हात हलवतोय का?" मग घोडीजवळ बसवला. लोणंदला बारशात पहिल्याच सुराला बाळानं भोकाड पसरलं, ते थांबेचना. शेवटी आत्याबाई स्टेजवर चढल्या आणि सुभेदारांची वायर उपटून गेल्या.

तरी आमच्या मालकांना घोडीच पसंत. "म्हसवडच्या जत्रंचं मैदान हाय. पार आकाशपाळण्यापतुर आवाज गेला पायजे." सुभेदार "बरं" म्हणाले.

जत्रेच्या आधी मी सरावाला त्यांच्या घरी गेलो. सुभेदार पलंगावर बसून जोरजोरात वाजवत होते. वहिनी शेजारीच चहा गाळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आवं, भावजी आल्यात. आता तरी वाजवा की कायतरी."

"बघ, चेष्टा करती," सुभेदार हसले.

तेवढ्यात करपलेल्या डाळीचा वास आला. "कुकरच बिघडलाय मेला," वहिनी म्हणाल्या. "शिट्टीच देत न्हाई." कुकरनं त्यांच्या पाठीमागं लांबलचक शिट्टी दिली. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सुभेदारांचं हसू तिथंच राहिलं. त्यांनी उठून गॅस बंद केला आणि दुसऱ्या दिवशी वहिनींना दवाखान्यात नेलं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारीक, टोकदार आवाज वहिनींपर्यंत पोचेनासे झालेत. खालचे, जाड आवाज पोचतात. कानात घालायचं मशीनही दिलं. ते वहिनींनी, कानात मुंगी शिरल्यागत वाटतं म्हणून, डब्यात टाकलं.

म्हसवडला आवाज तपासताना मालक चमकले. "सुभेदार, घोडीचा कुठाय?"

"मानंजवळ बसीवला."

"आवं, लोकांना ऐकू जायाचं न्हाई!"

"जिला जायाला पायजे तिला जातंय."

लोकांना खरंच गेलं नाही. बँजो, ढोलक आणि पाळणेवाल्यांचे भोंगे यांच्यात सुभेदार पार बुडाले. पण त्यांच्या स्पीकरला खुर्ची चिकटवून वहिनी बसल्या होत्या. गाणं मध्यावर आलं आणि त्यांनी टाळी धरली, अगदी ठेक्यात. सुभेदारांना असा काही हुरूप आला की ते पुढं जाईचनात. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. गायिका दुसऱ्या कडव्यासाठी तोंड उघडून उभी, मालक विंगेतून हात जोडतायत, आणि वहिनी मान डोलावतायत.

त्यानंतर मालकांनी त्यांना बोलावलं नाही. आता आमच्याकडं नवा गिटारवाला आहे. त्यानं म्हसवडात वाजवलं तर कराडात ऐकू येईल.

सुभेदार आणि वहिनी सांगलीला मुलीकडं राहतात. मध्यंतरी तिकडं गेलो तर दार उघडंच होतं. वहिनी खाली बसून शेंगा फोडत होत्या. सुभेदार समोर स्टुलावर, गिटार मांडीवर. ते एक गाणं सुरू करत, वहिनी दोन ओळी ऐकत आणि शेंगदाणा तोंडात टाकत म्हणत, "ह्ये न्हवं. दुसरं."

सुभेदार लगेच दुसरं सुरू करत.

मी दारातच पायरीवर बसलो.