गवंडीकाकांचा कोबा

गवंडीकाकांनी काम सोडलं, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना बरं वाटलं. घरच्यांना मात्र धास्ती पडली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी घोटून सपाट करणारा माणूस आता दिवसभर घरात बसून काय करणार? जे व्हायचं तेच झालं. न्हाणीघराचा उतार चुकलाय, उंबऱ्यापाशी लादी हलतेय, असं एकेक सुरू झालं. काकू वैतागून म्हणायच्या, "अहो, तुम्हीच केलंय ते सगळं!" त्यावर काका शांतपणे म्हणत, "तेव्हा घाईत होतो."

त्यांची सून दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि संध्याकाळी इनलाइन हॉकी खेळायची. बर्फावरच्या हॉकीचंच हे भावंड, फक्त बर्फाच्या जागी गुळगुळीत जमीन आणि बुटांखाली एका ओळीत चार चाकं. ती बचावाला खेळायची, तीही थेट देशाच्या संघात. काका या खेळाला 'पडापडी' म्हणत. सुनेच्या कोपरांवरचे काळेनिळे डाग बघून त्यांना वाईट वाटे, पण सामना बघायला ते कधी गेले नव्हते.

त्या वर्षी आठ देशांच्या महिला संघांची स्पर्धा त्यांच्याच शहरात ठरली. एक जुनं गोदाम रंगवून, बाकडी लावून तयार झालं. त्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या फरश्या मात्र परदेशातून जहाजाने निघाल्या आणि वाटेत कुठल्याशा बंदरात अडकल्या. स्पर्धेला उरले सहा आठवडे. आयोजकांचे सेक्रेटरी सुनेला हे सांगायला घरी आले आणि डोकं धरून बसले.

"बाबा," सून सासऱ्यांना म्हणाली, "तुम्ही एकदा बघून तरी या ना."

"बघायला काय जातंय," म्हणत काकांनी पिशवीत जमिनीचा उतार तपासायची पाणसळ टाकली.

"नुसतं बघायला पाणसळ कशाला लागते?" काकूंनी विचारलं. काका तोवर चपला घालून दारात पोचले होते.

गोदामात पोचल्यावर त्यांनी बादलीभर पाणी मधोमध ओतलं. सगळं पाणी सुळकन एका टोकाच्या गोलकडे निघालं.

"सेक्रेटरीसाहेब, तुमचा चेंडू..."

"चेंडू नाही बाबा, चकती असते," सून म्हणाली.

"तर ती चकती कुणी न मारताच गोल करेल की!"

फरश्यांची वाट बघण्यात अर्थ नव्हता; खेळायला सिमेंटचा नवीन कोबाच घालावा लागणार होता. काकांनी जुने चार जोडीदार गोळा केले. पाचही जण साठीच्या अलीकडे-पलीकडे. काकूंनी जुन्या उशा उसवून प्रत्येकाच्या गुडघ्यांना बांधायला गाद्या शिवून दिल्या. दोन दिवस ते पाच म्हातारे एका रेषेत गुडघ्यांवर बसून मागे मागे सरकत होते, थापीचा आवाज आणि मधूनच कुणाचं तरी "आई गं!" एवढंच ऐकू येई. काम संपलं, तेव्हा काकांना उभं करायला दोघं लागले.

पुढचे तीन आठवडे कोब्यावर गोणपाट आणि गोणपाटावर पाणी. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी एका बड्या पाहुण्याला घेऊन आले. काका दारात खुर्ची टाकून बसले होते.

"काका, दोनच मिनिटं. साहेब आत जाऊन बघतील."

"इथून छान दिसतं."

"अहो, ते बूट काढतील!"

"साहेबांनी पाय काढून ठेवले तरी नाही," काका म्हणाले. पाहुणा आधी चपापला, मग खो खो हसला आणि दारातूनच बघून गेला.

कोबा वाळला, घासून झाला. आता वर चकचकीत लेप द्यायचा तेवढा राहिला होता. तेव्हा या खेळाच्या जागतिक संघटनेची परदेशी तपासनीस बाई दहा फुटी पट्टी घेऊन आली. दोन तास ती जमिनीवर लोळायचीच बाकी होती. शेवटी गोलजवळ एका जागी तिने बोट ठेवलं आणि काहीतरी बोलली.

"इथे केसभर खोल आहे म्हणते," सुनेने सांगितलं.

"तिला म्हणावं, अजून दोन जागा आहेत. तिन्हींभोवती खडूने खुणा केल्यात, बघ म्हणावं. उद्या दुरुस्त करतोय."

बाईने वाकून खडूची खूण पाहिली, काकांकडे पाहिलं आणि हसून तिथल्या तिथे कागदावर सही केली.

स्पर्धा सुरू झाली. काका रोज तिसऱ्या रांगेत बसायचे आणि खेळ सोडून जमीन बघायचे. लोक चकतीमागे माना फिरवत, काकांची नजर मात्र जमिनीवरून हलत नसे.

तिसऱ्या दिवशी दोन परदेशी संघांचा उपांत्य सामना रंगात आला होता. एका खेळाडूच्या बुटाचं चाक निखळलं, लोखंडी पट्टी जमिनीवर घासत गेली आणि वीतभर लांब खाच पडली. पंचांनी शिट्टी वाजवली. खाचेत चाक अडकलं तर कुणाचातरी पाय मोडणार, हे उघड होतं. सामना रद्द करायची कुजबूज सुरू झाली. सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला.

काका उठले. थैलीतून थापी आणि खाचा बुजवायच्या लुकणाचे दोन डबे काढले आणि हजार माणसांसमोर लंगडत आत गेले. खाच साफ केली, झटपट घट्ट होणारं लुकण कालवलं, भरलं, दाबलं, थापीने घोटलं.

ते शेवटचा हात फिरवत होते, तोच त्यांच्याभोवती खटखट सुरू झाली. दोन्ही संघांच्या खेळाडू रिंगण करून काठ्या जमिनीवर आपटत होत्या.

"ए पोरींनो!" काका ओरडले. "ठोकू नका, ओलं आहे अजून!"

कठड्यापाशी उभी असलेली सून धावत आली. हसू आवरेना आणि डोळे पाण्याने भरलेले.

"बाबा, त्या टाळ्या वाजवतायत. आमच्यात एखाद्याने मोठी कामगिरी केली की अशाच काठ्या वाजवतात."

काका गुडघ्यांवरच बसून राहिले. चाळीस वर्षांत त्यांच्या जमिनींवर लोक राहिले, नाचले, भांडले. त्यासाठी कुणी टाळी वाजवल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "बरं, मग वाजवू दे. पण तिकडे, कोरड्या बाजूला."

वीस मिनिटांनी पंचांनी लुकणावर अंगठा दाबून बघितला, मान हलवली आणि सामना पुढे सुरू झाला.

शेवटच्या दिवशी सुनेच्या संघाचा सामना होता, सातव्या क्रमांकासाठी. एक गोलची आघाडी, काही सेकंद बाकी, आणि समोरची मुलगी गोलसमोर मोकळी. सुनेने स्वतःला आडवं झोकून दिलं. चकती तिच्या बरगड्यांवर बसली आणि बाहेर गेली. तेवढ्यात सामना संपल्याची घंटा वाजली. काका बाकड्यावर उभे राहून घसा फोडून ओरडत होते. जमिनीकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यांनी पायऱ्यांखालूनच हाक मारली, "अगं, ऐकलंस का? सातवा नंबर!"

"आठांत?" काकूंनी आतून विचारलं.

"सगळ्या जगात!" काका म्हणाले. "आणि आधी शेक द्यायचं पाणी ठेव. पोरीला एकटीने तीन पायऱ्या चढवत नाहीत, आणि मलाही."

काकू दारात आल्या, तर काकांशेजारी सून बरगडी धरून पायऱ्या चढत होती. तिच्या खांद्यावर काकांचा हात होता. कोण कुणाला आधार देत होतं, ते काकूंना कळेना.