दोनदा खोडलेलं ‘रोज’

बिरुदेवचं सामान न्यायला त्याचे वडील भिमा सांगोल्याकडच्या गावाहून सोलापूरला आले. खोलीची किल्ली बुद्धप्रियाकडे होती. कॉलेजपासूनची मैत्रीण म्हणून घरमालकाने ती तिलाच दिली होती. एक गोष्ट या माणसाला सांगावी की नाही, हे कुलूप उघडेपर्यंत तिचं ठरलं नव्हतं.

भिमा पोलीस भरतीची पुस्तकं पोत्यात भरू लागले.

“पोरगं लई खंबीर,” ते म्हणाले. “मेंढरामागं पायात काटा मोडला तरी रडलं न्हाय. दोनदा भरतीत नापास झालं, तरी हसतच घरी आलं. व्हय की न्हाय, पोरी?”

बुद्धप्रियाने पुढचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

मार्चमध्ये तिलाच जगावंसं वाटत नव्हतं. ती वर्गात रडली. मैत्रिणी जवळ बसल्या, आईने कुशीत घेतलं. बिरुदेवने गाडी काढली आणि तिला दवाखान्यात नेलं. तिथे एक फॉर्म भरायचा होता. रडून तिला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून तो प्रश्न वाचून खुणा करू लागला.

“‘आपण घरच्यांना ओझं झालोय असं वाटतं का?’”

ती काही बोलायच्या आत त्याने ‘रोज’वर खूण केली.

“अरे, मी कुठं काय म्हणाले? कधीकधी.”

“च्यायला, चुकलं की.” त्याने खूण खोडली. भरतीच्या फॉर्मवर करतात तशी बाजूला सही ठोकली.

पुढचा प्रश्न झोप न लागण्याचा होता. पुन्हा ‘रोज’. पुन्हा खोडलं, पुन्हा सही.

“बिऱ्या, फॉर्म माझा आहे की तुझा?”

“माजा भरायला कागद पुरायचा न्हाय. आन् आमच्या गावात कळलं तर पोरं म्हणतील, बिऱ्या बाईवानी रडायलाय.”

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तोही हसला.

नर्सने विचारलं, “तुम्ही कोण?”

“हिला घेऊन आलोय.”

तासभर तो बाहेरच्या बाकावर बसून होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. तिनेही नाही. तिच्या गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. ती सावरली. ऑगस्टमध्ये बिरुदेवने आत्महत्या केली.

भिमा पोत्याचं तोंड बांधत होते. हे पोतं गावी जाईल आणि खंबीर पोराची गोष्टही सोबत जाईल, असं तिला वाटलं. मग त्या घरात कुणालाच रडता येणार नाही.

“काका,” ती म्हणाली. “तो खंबीर नव्हता. त्याला झोप लागत नव्हती. आपण ओझं आहोत असं त्याला रोज वाटायचं.”

तिने फॉर्मचं सगळं सांगितलं. भिमांचा हात सुतळीवर थांबला.

“तुला कळलं हुतं?”

“तेव्हा नाही. तो गेल्यावर कळलं.”

भिमा भिंतीला टेकून खाली बसले. 

“त्याचं हसणं माजंच हाय,” ते म्हणाले. “मी बी असंच हसतुया. दोन महिनं डोळ्याला डोळा न्हाय.” त्यांनी तोंडावर टॉवेल धरला. खांदे हलू लागले. बुद्धप्रिया त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

खूप वेळाने टॉवेलाआडून आवाज आला.

“त्या दवाखान्यात गडीमाणसाला घेत्यात का?”

“घेतात, काका.”

“मग चल. माजी एस.टी. पाचला हाय.”