वडिलांचं नाव घेताना

मित्रांनो, या ग्रुपवर आपण सगळेच अडखळत बोलणारे, म्हणून इथेच लिहितो.

आज मुखेडजवळच्या आमच्या गावी वडील गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अशा वेळी मुलाने दोन शब्द बोलायचे असतात. मी मोबाइलमधल्या ॲपवर बंद खोलीत रोज सराव केला होता. तिथे एकदाही अडखळलो नाही.

बुद्धवंदना सगळ्यांसोबत सुरळीत म्हटली. मग एकटा उभा राहिलो आणि वडिलांच्या नावावरच अडकलो. बाकीचे शब्द बदलून वेळ मारून नेता येते, नाव कसं बदलणार? ॲपने शिकवला तसा श्वास घेतला, तरी "को... को..."च्या पुढे जाईना. उन्हाने मंडपाचं पांढरं कापड उजळलं होतं. समोरचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे हलके हलत होते.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. तो आता आठवड्यातून एकदाच येतो. बायका घागरी आणायला उठल्या.

काका म्हणाले, "कोंडिबा म्हणायचंय त्याला. झालं, बस बाबा."

"तू गप रं," आत्या म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "लेकराला म्हणू दे."

"अगं, पाणी जाईल."

"जाऊ दे. भाऊ हाय माझा."

मग मी "कोंडिबा" म्हणालो. तुटत तुटत, पण पूर्ण.

ॲपमुळे श्वास सुधारला, हे खरं. पण त्या खोलीत वाट पाहणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी आमच्या वाट्याच्या पाण्यातली एक घागर आत्याकडे नेऊन ठेवली.

तुम्ही सराव कुणासमोर करता?