दिवसपाळीची ऑपरेटर

हिराबाय गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. तिच्या मुलीने, सुनंदाने, माझ्या टेबलावर तिचा पास आणून ठेवला तेव्हा कळलं. गेटवर म्हणे आधी तोच मागितला, बाकी चौकशी नंतर. कावीळ अंगावर काढली आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. "आईचा पास जमा करायचाय मॅडम," एवढंच पोरगी म्हणाली. मी पास उलटसुलट करत बसले. धुरकट फोटो, खाली हुद्दा: हेल्पर. तिथं माझं डोकं फिरलं, ते महिना झाला तरी ठिकाणावर आलेलं नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषधांच्या कारखान्यात मी टायपिस्ट, हिराबाय पॅकिंगला. ती जवळच्याच बोनकोडे गावची. नवरा मिठागरात होता. मिठागर बंद पडलं तसा तो ओट्यावर बसला तो बसलाच. हिराबाय गोळ्यांच्या पट्टीवरून नुसता अंगठा फिरवायची. नजर खिडकीबाहेर, तोंड सुरू, आणि एखादं घर रिकामं राहिलेली पट्टी बरोबर बाजूला पडायची. जेवणाच्या सुट्टीत मलाही शिकवायची. "डोल्यांनी बघू नको बाय, डोलं फसवतात." मी साताऱ्याकडची, पण तिच्या डब्यातल्या सुक्या जवळ्यावर माझा हक्कच होता.

मग पट्ट्या भरायचं नवं मशीन आलं. शिकवायला आलेला इंजिनिअर दोन दिवसांत घाईघाईने निघून गेला. मशीन अडलं की सगळे हिराबायकडे बघायचे, कारण नुसत्या आवाजावरून कुठं बिनसलंय ते तिला कळायचं. चार पुरुषांना तिनेच शिकवलं, पदर खोचून, शिव्या घालत. तिच्या मनात एकच होतं... ऑपरेटरचा पगार सुरू झाला की सुनंदाला नर्सिंगला घालायचं.

हुद्द्यांची यादी टाइप करायला माझ्याकडेच आली. ते चौघे ऑपरेटर, हिराबाय हेल्पर. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले, एवढं तरी केलं. "अहो, बायकांना रात्रपाळी देता येत नाही, कायदाच आहे. तिन्ही पाळ्या करेल तो ऑपरेटर," साहेब म्हणाले. "आणि बायकांचं काम हलकंच असतं. युनियनलाही मान्य आहे." मान्य असणारच! कमिटीवर एक तरी बाई होती का? मी मुकाट्याने बाहेर आले आणि यादी टाइप केली. कार्बन घालून, चार प्रतींत, एकही चूक न करता.

दुसऱ्या दिवशी जेवताना हिराबाय म्हणाली, "मशीन दिसाची हलकी नि रातीची जड, असा हाय का बाय?" मी हसले. ती हसली नाही. "माजा नाव तूच टाइप केलास ना?"

"साहेबांनी दिलं ते केलं, हिराबाय."

जवळा मात्र तिने रोजच्यासारखा माझ्या डब्यात वाढला. तो घास मला आजही टोचतो.

पुढे व्हायचं तेच झालं. सुनंदा दहावी झाली, नर्सिंग राहिलं, पोर आईशेजारी हेल्पर म्हणून लागली. बरं, मान्यता देणाऱ्या पुरुषांचं तरी भलं व्हावं? हेल्परच्या पगारात मशीन चालतंय हे साहेबांच्या लक्षात आलं. दिवसा बायकाच मशीनवर बसायला लागल्या, ऑपरेटरची भरती थांबली, पुरुषांचा ओव्हरटाइम गेला. मग कमिटीवाले बायकांच्या नावाने बोटं मोडू लागले, म्हणे ह्यांच्यामुळे आमचं नुकसान. अरे, कागदावर सह्या कुणाच्या होत्या?

हिराबाय गेल्यापासून मशीन रोज अडतंय. तिने शिकवलेल्या चौघांतले दोघे सोडून गेलेत, उरलेल्या दोघांना रात्रपाळीच आवरत नाही. गेल्या आठवड्यात नव्या भरतीचा कागद माझ्याकडे टायपिंगला आला. ऑपरेटर, एक जागा. मशीनची पूर्ण माहिती हवी. पाळी: फक्त दिवसाची. मी तो दोनदा वाचला. फक्त दिवसाची! तिन्ही पाळ्यांची ती अट आता कुठल्या कपाटात गेली, साहेब? खाली रकाना होता: कोणाच्या जागी. मी हिराबायचं नाव टाइप केलं आणि पुढे लिहिलं, ऑपरेटर. साहेबांनी त्यावर लाल गोल करून कागद परत पाठवला. चूक आहे, दुरुस्त करा.

मी केलेली नाही. कागद ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर हिराबायचा पास. तोही मी जमा केलेला नाही.

काल दुपारी सुनंदा धावत आली. "मॅडम, मशीन अडलंय. आईने मला दाखवलेलं, म्हणून साहेब बोलवतायत. जाऊ?"

"बस इथं," मी म्हटलं. "आधी साहेबांना तुझ्या नावापुढे ऑपरेटर लिहू दे. मग मशीनला हात लाव. आज ते मीच टाइप करणार आहे."

ती घाबरत खुर्चीच्या कडेवर टेकली. हातात गोळ्यांची एक पट्टी तशीच राहिली होती. नजर दाराकडे, आणि अंगठा पट्टीवरून फिरत होता... पलीकडे मशीन बंदच होतं.