ओसरी सारवायला बसणाऱ्या ताई

रायपूरजवळच्या गावांतली जुनी मातीची घरं पाहायला आम्ही चार-पाच जणी रविवारी जातो. निघायची वेळ, पाणी, डबे हे सगळं मी ठरवते. शेजारच्या ताई नुसती चप्पल घालून येतात. आम्ही घराचं कौतुक करत फिरतो. ताई मात्र घरातल्या बाईजवळ बसून तिच्या हातातलं अर्धं काम ओढून घेतात आणि आम्हालाच दटावतात, "काहून नुसत्या बघून राहिल्या? बसा ना!"

परवा एका घरी सून शेणानं ओसरी सारवत होती. तिला एक तरी खोली पक्की हवी होती, सासरे ऐकत नव्हते. आम्ही फोटो काढू लागल्यावर ते खुलले. "देख बहू, शहरवाले देखने आते हैं, और तुझे तोड़ना है!"

ताईंनी शेणाची बादली त्यांच्यापुढे सरकवली. "भैया, हम तो देखके चले जाएँगे. आज आप लीपिए."

ते हसत सारवायला बसले. अर्धी ओसरी होईतो हसू संपलं. कंबर धरून उठत ते सुनेला म्हणाले, "हव, एक कमरा पक्का करवा ले."

उरलेली ओसरी सारवत ताईंनी मान वर न करता सांगितलं, "पक्का कमरा तपता है, खिड़की बड़ी रखना, भैया."