पटलेजींची तोड

समोरच्याने पत्ता टाकला की पटलेजी पत्त्याकडे पाहत नसत, टाकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत. मग नाकातून "हूं" असा आवाज काढत. खराब धानाची मूठ हातात घेऊन परत पोत्यात टाकावी, तसा तो आवाज होता. त्या एका "हूं"ने चांगले चांगले खेळाडू पुढची चाल चुकत.

गोंदियात बाजाराजवळ एका स्टेशनरीच्या दुकानावर खोली आहे. दर रविवारी सकाळी तिथे आम्ही दहा-पंधरा जण जमतो. बावन्न पत्त्यांचा खेळ नाही हा. यात प्रत्येकाने साठ पत्त्यांची आपली गड्डी स्वतः बांधायची असते. राक्षस, मंत्र, किल्ले असे पत्ते निवडायचे आणि समोरच्याची गड्डी हरवायची. बहुतेक पोरं पंचविशीच्या आतली. मी तिशी ओलांडलेला, राईस मिलमधला कारकून. आणि पटलेजी साठीच्या पुढचे, धोतर नाही पण पायजमा आणि खांद्यावर दुपट्टा. तिरोड्याकडे चोरखमाऱ्याच्या कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं हे ठरवण्यात नोकरी गेली. त्यांची मुलगी पुण्यात नोकरीला. हा खेळ तिनेच शिकवला. रोज संध्याकाळी बापलेक फोनवर खेळत, आणि रविवारी हे एसटीने गोंदियाला येऊन आमचा अपमान करत.

अपमान हाच शब्द बरोबर आहे. आमच्यातले बहुतेक जण स्पर्धा जिंकलेल्या गड्ड्यांच्या याद्या इंटरनेटवरून उतरवून आणत. पटलेजी विचारत, "हा पत्ता काऊन ठेवला?" पोरगा मोबाइलमधली यादी काढू लागे. "त्याच्यात होता म्हनून ठेवला ना? मंग त्यालेच आनाचं होतं खेळाले, तू कायले आला?" मला ते "बाबू" म्हणत. गोंदियात बाबू म्हणजे आदर. त्यांच्या तोंडी मात्र बाबू म्हणजे ज्याला शाईशिवाय काही येत नाही असा माणूस.

मागच्या वर्षी रितेशने सगळ्यांचं जगणं हराम केलं. कापडाच्या दुकानदाराचा हा मुलगा, खेळाची अक्कल बेताची, पण त्याने बर्फाची गड्डी आणली. तिसऱ्या पाळीतच त्याचा बर्फाचा राक्षस उतरायचा आणि तुमचे टेबलावरचे सगळे पत्ते गोठायचे. मग तुम्ही नुसतं बसून मरायचं. आम्ही त्याहून मोठे राक्षस आणले, तेही गोठले. रितेश जिंकल्यावर मोबाइल बघत बघत म्हणायचा, "और कोई है क्या?"

पटलेजी चार रविवार त्याच्या मागे उभे राहून नुसते पाहत राहिले. पाचव्या रविवारी एसटी स्टँडवर मला म्हणाले, "तुमी सगळे त्याच्या राक्षसाले मारून राहिले. गधे लेकाचे. तो राक्षस इतक्या लवकर येते कसा, हे पाह्यलं का?"

मी म्हटलं, "तो जास्त पत्ते ओढतो."

"मंग? एका पाळीले तीन-तीन ओढते. गड्डी संपली का मानूस हरला, हा नियम आहे का नाई? त्याले ओढू दे. आनखी ओढाले लाव." त्यांनी तीन पत्ते दाखवले. कोणी फुकट देऊनही घेणार नाही असे. ते टाकले की दोघांनाही जास्तीचे पत्ते उचलावे लागत. "राक्षस उभाच राह्यल आन् गड्डी खाली होऊन जाईल. कोनाले सांगजो नको."

जिल्ह्याची स्पर्धा दोन आठवड्यांवर होती. जिंकणारा राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जाणार होता. त्याबद्दल पटलेजी एकदाच बोलले, तेही दुसरीकडे बघत, "पोरगी म्हनते, बाबा, तुमाले लोकायसमोर खेळतानी पाहाचं आहे."

त्याच्या पुढच्या रविवारी मी माझी गड्डी नेली. कोणाचीही यादी न बघता दोन महिने खपून बांधलेली. पटलेजींनी सगळ्यांसमोर एकेक पत्ता उलटून पाहिला आणि गड्डी टेबलावर टाकली. "हे गड्डी होय? हे तं वरात आहे, बाबू. सगळे नाचून राहिले, नवरदेवच नाई." खोली हसली. रितेश सर्वांत मोठ्याने हसला.

दुपारी खाली टपरीवर तोच रितेश माझ्याजवळ आला. "बुड्ढा मेरे लिए क्या ला रहा है? तुझे तो पता होगा."

मी सांगितलं. तिन्ही पत्त्यांची नावं सांगितली, ते कसे चालतात तेही सांगितलं. त्याने मला साधा चहासुद्धा पाजला नाही. "ठीक है" म्हणून गाडी सुरू करून निघून गेला. इतक्या स्वस्तात कोणी कोणाला विकलं नसेल.

स्पर्धेच्या दिवशी मी दुसऱ्याच फेरीत हरलो आणि पटलेजींच्या मागे जाऊन उभा राहिलो. शेवटचा डाव रितेशशीच होता. राक्षस उतरला, पटलेजींचे टेबलावरचे पत्ते गोठले, आणि त्यांनी शांतपणे हातातल्या त्या तिनांतला पहिला पत्ता टाकला, मग दुसरा. रितेशची गड्डी भराभर उतरू लागली. सात-आठ पत्ते उरले तेव्हा रितेशने एक साधासा मंत्र खाली ठेवला. बाद झालेले सगळे पत्ते पिसून पुन्हा गड्डीत. याआधी तो पत्ता त्याच्याकडे कधीच नव्हता. पटलेजींनी त्या पत्त्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाकडे नाही, पत्त्याकडे. "हूं" आलं नाही. दोन पाळ्यांनी डाव संपला.

एसटी स्टँडपर्यंत मी त्यांच्यामागे गेलो. तिरोड्याची गाडी लागलेली होती. मी म्हटलं, "पटलेजी, रितेशला मीच सांगितलं होतं."

ते वळले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुह्या सांगन्यानं मी हरलो म्हनतं?" ते म्हणाले. "चवथ्या पाळीले मी घाई केली, म्हनून हरलो. तुले काही समजते का खेळातलं? सांगनारा कोन, तं बाबू. सोताले एवढा मोठा नको समजू." आणि गाडीत चढून गेले.

मला फार राग आला. आपला गुन्हासुद्धा या म्हाताऱ्याच्या लेखी गुन्ह्याच्या लायकीचा नव्हता. पुढचे काही रविवार ते आले, माझ्याशी खेळले, मला गाढव म्हणाले, सगळं पूर्वीसारखं. उन्हाळ्यात एक दिवस गावात बांधीवरच ते बसले आणि गेले. तेरवीला मी गेलो होतो. मुलगी पुण्याहून आली होती. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती पाणी देत होती, मलाही दिलं. मी ते पिऊन पेला परत केला.

घरी आल्यावर मी तो डाव मांडला. पत्त्यान् पत्ता आठवत होता. चवथ्या पाळीशी थांबलो आणि त्यांनी टाकला त्याऐवजी दुसरा पत्ता टाकून पाहिला. दोन पाळ्या आधीच हरलो. तिसरा टाकला, तेच झालं. काहीच न टाकता पाळी सोडून पाहिली. दोन रविवार त्या खोलीत न जाता मी तेवढंच करत बसलो. त्यांच्या हातात जे होतं, त्यात त्यांनी टाकलेला पत्ताच बरोबर होता. घाई कुठे नव्हतीच. रितेशकडे तो मंत्र नसता, तर ते पुण्याला गेले असते.

आयुष्यात कोणाच्या तोंडावर गोड बोलले नाहीत पटलेजी. एकदाच खोटं बोलले, आणि तेही शिवी दिल्यासारखं.