डिस्चार्ज म्हंजे काय वो, भाऊ?

पार्बताबाईला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, पण तो पक्का येत होता. अकोल्याच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी ती बारा वर्षं फुलं विकत बसली होती. मोर्णेकाठच्या वाडीत शेवंती नि झेंडू लावायचे, पहाटे तोडायचे आणि टोपली डोक्यावर घेऊन फाटक गाठायचं. आतून एखादं माणूस काठी टेकत, हसत बाहेर आलं की सोबतचे नातेवाईक ओरडायचे, "डिस्चार्ज भेटला!" आणि हार घ्यायचे. पार्बताबाई तो शब्द देवाच्या नावासारखा घ्यायची. तिच्या नवऱ्याला, नत्थुजीला, डिस्चार्ज मिळाला नव्हता. तो पुढच्या फाटकातून आत गेला होता आणि मागच्या फाटकातून त्याला बाहेर आणला होता. ज्यांना मिळतो त्यांचं नशीब किती थोर, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

लढाईच्या चौथ्या वर्षी तिचा एकुलता एक सहदेव पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशाकडे गेला. महिन्याकाठी कार्ड यायचं, त्यात 'मी खुशाल आहे' एवढंच. मग तीन महिने तेही आलं नाही. आणि एका बुधवारी फाटकाशी तारवाला येऊन उभा राहिला.

तार म्हटली की त्या काळी आधी रडून घ्यायचं आणि मग ती वाचून घ्यायची, अशी रीतच होती. पार्बताबाईनं पदर तोंडाशी नेलासुद्धा.

"रडू नोको वो बाई," तारवाला म्हणाला. "कलकत्त्याहून हाय. सहदेव डिस्चार्ज झाला. शुक्रवारी अकोल्याले येऊन राह्यला."

डिस्चार्ज! तिनं तारवाल्याच्या हातात शेवंतीचा हारच ठेवला. तो बिचारा हार घेऊन काय करणार? सायकलीच्या दांड्याला अडकवून गेला.

तो वळणाआड गेला आणि मग तिच्या ध्यानात आलं. डिस्चार्ज मिळतो तो दवाखान्यात असलेल्याला. मग आपला पोरगा दवाखान्यात होता कधी? आणि कशासाठी? टोपली तशीच सोडून ती आत कंपाउंडर पुंजारामच्या खिडकीशी गेली.

"पुंजारामभाऊ, डिस्चार्ज म्हंजे घरी सोडलं, नाई का?"

"हो. अन जखमेतून पू वाह्यते ना, त्यालेबी आमी डिस्चार्जच लिहितो."

"कोन्ती जखम?"

"मले काय मालूम? तुमी इचारलं म्हून सांगतलं."

पुंजाराम खरं बोलण्यात हुशार होता. ते केव्हा बोलू नये, तेवढं त्याला कळत नसे.

घरी आली तर दीर ओट्यावर बसलेला. हा सूर्यभान कापसाच्या जिनात कामाला होता, आणि जगात जे काही आहे ते सगळं जिनातल्यासारखंच चालतं असं त्याचं मत होतं. तारेचं ऐकून त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वयनी, लोकाईले सांगत फिरू नोका. आमच्या जिनात डिस्चार्ज केला म्हंजे कामावरून हाकलला. सहदेव पह्यल्यापासून उलटून बोलनारा. साहेबाले काई बोलला असन."

गुरुवारी ती फुलं न तोडताच कचेरीकडे निघाली. तिथं लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस केशवराव बसत. त्यांच्यापाशी इंग्रजीचं जाडजूड डिक्शनरीचं पुस्तक होतं आणि ते अर्ध्या जिल्ह्याचं दुःख साहेबाच्या भाषेत लिहून देत. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली.

"आरोपीला पुराव्याअभावी सोडला, तो डिस्चार्ज. गाडीतून माल उतरवला, तो डिस्चार्ज. बंदूक किंवा तोफ उडवली, तोही डिस्चार्जच. आता तारेतला यांपैकी कोणता, हे मी कसं सांगू, बाई?"

"म्हंजे त्यानं तोफ उडवली, का त्याच्यावर उडवली?"

केशवरावांनी पुन्हा पुस्तकात पाहिलं. "तेवढं इथं दिलेलं नाही," ते म्हणाले.

एवढं मोठं राज्य चालवणाऱ्या साहेबाला शब्दांची अशी काय टंचाई पडली होती, कुणास ठाऊक! आपल्याकडे माणूस बरा होतो, सुटतो, नाहीतर हाकलला जातो. जखम वाहते, तोफ उडते. ज्याचा त्याला शब्द आहे. आईला निदान कशाची भीती बाळगायची तेवढं तरी कळतं. पार्बताबाईला सगळ्याचीच बाळगावी लागली. वाटेनं चालता चालता ती देवाशी घासाघीस करू लागली. हाकलला असला तर असू दे. साहेबाच्या तोंडावर बोलला असला, तरी चालेल. चोरीत धरून सोडला असला, तरी मी लोकांचं ऐकून घेईन. पण हातपाय राहू दे रे बाप्पा! कालपर्यंत ज्या गोष्टीनं तिला मान खाली घालावी लागली असती, तीच ती आता मागून घेत होती.

शुक्रवारी सूर्यभान काही सोबत आला नाही. चार लोकांत शोभा नको, म्हणाला. ती एकटीच दुपारच्या गाडीला ठेसनावर उभी राहिली.

नागपूरकडून गाडी आली. पलटणीचे पाचसहा जण उतरले. पार्बताबाईनं तोंडं पाहिलीच नाहीत, आधी पाय पाहिले. मग तिला सहदेव दिसला. ट्रंक खाली ठेवून पाठमोरा उभा होता. पाय दोन. हातही दोन, आणि एका हाताने तो टोपी नीट करत होता. मान वर करून पाटीवरचं गावाचं नाव वाचत होता, म्हणजे डोळेही शाबूत. ती मोठ्यानं हसली, भर फलाटावर.

"सहदेव! ए सहदेव!"

इंजिनाच्या गोंगाटात ऐकू गेलं नसेल. तिनं पुन्हा हाक मारली. गाडी सुटली, शेवटचा डबा निघून गेला, फलाट शांत झाला. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली, अगदी चार हातांवरून. बाकावरची माणसं वळून बघू लागली. सहदेव तेवढा वळला नाही.

तिनं जाऊन त्याच्या दंडाला हात लावला. तो दचकून फिरला आणि त्याचा चेहरा फुलला. दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते, पिवळे पडलेले.

"माय! तू कवा आली वो?" तो केवढ्यानं तरी ओरडला. "घाबरू नोको! काई झालं नाई! तोफेपाशी ड्युटी होती, कान गेले! दवाखान्यात ठेवलं, मंग पलटणीनं कागद हाती देल्ला, जा म्हने घरी!"

फलाटावरचे लोक जमू लागले. पार्बताबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"हळू बोल रे राजा," ती म्हणाली, "लोक पाहून राह्यले."

सहदेव तिच्या ओठांकडे बघत हसत राहिला. "काय म्हनते, माय?" तो ओरडला.